मानाचेही माप असते



दुसऱ्याने केलेला अपमान माणूस जन्मभर विसरत नाही आणि स्वतः केलेला अपमान त्याला त्याच सायंकाळी आठवत नाही. आपल्या स्मरणशक्तीचा हा पक्षपात आपण सगळेच जाणतो. म्हणून आज एक प्रश्न आपल्यापुढे ठेवावासा वाटतो. ज्या समाजाने स्वतः तिरस्कार सोसला आहे, त्याच्यावर इतरांचा तिरस्कार न करण्याची जबाबदारी अधिक असते की कमी? हा प्रश्न मला कोणत्याही ग्रंथातून सुचलेला नाही. खोडाळ्यातील आमच्या किराणा दुकानाच्या पायरीवर तो माझ्यापुढे येऊन उभा राहिला.

पालघर जिल्ह्याच्या मोखाडा तालुक्यातील खोडाळा हे डोंगरातले गाव. येथून एक रस्ता विहीगाववरून कसाऱ्याला उतरतो. तालुक्यातील दहापैकी नऊ माणसे आदिवासी आहेत. महादेव कोळी, वारली, ठाकूर, कोकणा, कातकरी. आमच्यासारखी मुस्लिम घरे मोजकी आणि बहुतेक लहानशा व्यापारावर जगणारी. नागली, वरई, खुरासणी विकायला आणणारा आणि त्याच पैशांतून मीठ, मिरची, तेल नेणारा माणूस एकच असतो. थोडक्यात, आमच्या चुलीत जळते ते सरपणही पाड्यांवरचे आणि आमच्या ताटात येते ती भाकरीही पाड्यांच्या जिवावरची.

या भागात कुपोषण आहे. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला होता. तेव्हापासून डॉक्टर, परिचारिका, अभ्यासक यांची पथके इकडे येत असतात. अशाच एका पथकाबरोबर मणिपूरची एक तरुण परिचारिका आली होती. बाजाराच्या दिवशी ती साबण आणि मेणबत्त्या घ्यायला आमच्या दुकानात आली. माझा बारा वर्षांचा पुतण्या दोन मित्रांसह पायरीवर खेळत होता. तिला पाहताच एकाने बोटांनी डोळ्यांचे कोपरे ताणले. दुसऱ्याने "चिंग-चाँग" असा सूर लावला. माझा पुतण्या "कोरोना, कोरोना" म्हणत टाळ्या पिटू लागला. तिने सामान घेतले, पैसे मोजून दिले आणि मान खाली घालून ती निघून गेली. दुकानातले दोघे-तिघे हसले. मी हसलो नाही. परंतु मुलांना थांबवलेही नाही. हातातली साखर तोलत राहिलो. कोपऱ्यात एक वृद्ध कातकरी स्त्री तेलाची बाटली घेऊन बसली होती. तीही हसली नाही.

त्या रात्री पुतण्याला जवळ बसवले. त्याला शरम वाटावी म्हणून मी एक युक्ती योजली. म्हणालो, "बाळा, मणिपूरमध्येही आपले मुसलमान बांधव राहतात. त्यांना पांगल म्हणतात. शेकडो वर्षांपासून ते तेथे आहेत. मणिपुरी बोलतात आणि दिसतातही तिथल्या इतर लोकांसारखेच. इंडोनेशियात कोट्यवधी मुसलमान आहेत. चीनमध्ये हुई मुसलमानांच्या जुन्या मशिदी आहेत. तू ज्या डोळ्यांची नक्कल केलीस, तशा डोळ्यांची किती माणसे दिवसातून पाच वेळा आपल्यासारखीच काबाकडे तोंड करून उभी राहतात! ती सिस्टर आपल्यातलीच असती तर?"

मुलाची मान खाली गेली. मला वाटले, काम झाले. पण थोड्या वेळाने त्याने विचारले, "चाचा, आणि ती आपल्यातली नसेल, तर चालेल का?"

वाचकहो, मुलाने ते उर्मटपणे विचारले नव्हते. त्याला खरोखरच नियम समजून घ्यायचा होता. आणि मी निरुत्तर झालो, कारण माझ्या युक्तीतच खोट होती. मी त्याला एवढेच शिकवले होते की, आपल्या माणसाचा अपमान करू नये. हे तर अज्ञानकाळातील अरबांनाही ठाऊक होते. आपल्या टोळीतल्या माणसाचा मान राखायचा आणि परक्याची खिल्ली उडवायची, हाच तर जाहिलियतचा कायदा होता. इस्लामने बदलला तो नेमका हाच कायदा.

सूरह बनी इस्राईलच्या ७०व्या आयतीत अल्लाहने जी प्रतिष्ठा दिल्याचे सांगितले आहे, ती आदमच्या संततीला दिलेली आहे. तेथे कोणत्याही एका वंशाचे वा समूहाचे नाव नाही. सूरह हुजुरातच्या १३व्या आयतीतील संबोधन समस्त मानवांना आहे : एका पुरुष-स्त्रीपासून सर्वांना निर्माण केले, आणि कुळे व जमाती केल्या त्या एकमेकांची ओळख व्हावी म्हणून. सूरह रूमची २२वी आयत तर भाषांच्या आणि रंगांच्या भिन्नतेला अल्लाहच्या निशाण्यांमध्ये गणते. मग डोळ्यांच्या ठेवणीची चेष्टा करणारा कोणाची चेष्टा करतो? घडवलेल्याची की घडवणाऱ्याची?

सहीह बुखारीमध्ये एक प्रसंग नोंदलेला आहे. एक अंत्ययात्रा जात असताना पैगंबर मुहम्मद (स.) उठून उभे राहिले. कोणी सांगितले की, हे तर एका यहुद्याचे प्रेत आहे. त्यावर त्यांनी एवढेच विचारले की, तो एक जीव नव्हता काय? माझ्या पुतण्याच्या प्रश्नाचे उत्तर यात होते. मी ते त्याला दुसऱ्या दिवशी सांगितले. पण त्याआधी आम्हां दोघांना एक काम करायचे होते.

कोणी म्हणेल, मुलांची मस्करी ती, तिचे एवढे काय? याच सूरह हुजुरातच्या ११व्या आयतीत एका समूहाने दुसऱ्याची टिंगल करण्यास, टोमणे मारण्यास आणि वाईट टोपणनावे ठेवण्यास मनाई आहे. टिंगल सौम्य होती की कठोर, हे तेथे विचारलेले नाही. शिवाय, ज्याची टिंगल होते तो टिंगल करणाऱ्यापेक्षा अल्लाहजवळ श्रेष्ठ असू शकेल, असे कारणही दिले आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. हजरत अबू जर (रजि.) हे अगदी सुरुवातीच्या श्रद्धावंतांपैकी. एकदा भांडणाच्या भरात त्यांनी एका माणसाला त्याच्या आईवरून हिणवले. पैगंबरांनी (स.) त्यांना बजावले की, तुमच्यात अजून जाहिलियतचा अंश शिल्लक आहे. पुढे लोकांनी पाहिले ते असे की, अबू जर (रजि.) यांच्या अंगावर जशी चादर होती, तशीच त्यांच्या सेवकाच्या अंगावर होती. यातून दोन बोध मिळतात. हृदयात ईमान असूनही जिभेवर जाहिलियत राहू शकते, हा पहिला. आणि ती जाहिलियत नुसत्या पश्चात्तापाने जात नाही, रोजच्या वागणुकीत बदल केल्यानेच जाते, हा दुसरा.

सकाळी पुतण्याला घेऊन मी पथक उतरले होते तेथे गेलो. त्याने माफी मागितली. तिने त्याला शेजारी बसवले आणि मणिपूरविषयी तुला काय ठाऊक आहे, असे हिंदीत विचारले. तो म्हणाला, "मेरी कोम." ती मनापासून हसली. मग तिने पाटीवर भारताचा नकाशा काढून मणिपूर कोठे आहे आणि खोडाळा कोठे आहे, हे त्याला दाखवले. मला वाटले, आता निघावे. मी माफी मागायला आलो होतो, ती मागून झाली होती. परंतु तिने मला थांबवून तीन गोष्टी सांगितल्या. त्या मी जशा समजलो तशा आपल्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट तिने स्वतःच्या लोकांविषयी सांगितली. आमच्याकडे बाहेरून आलेल्यांना 'मयांग' म्हणतात आणि तो शब्द नेहमीच प्रेमाने उच्चारला जातो असे नाही, असे ती म्हणाली. मी लहानपणी तो उच्चारलेला आहे. तेव्हा मी तुमच्यापुढे न्यायाधीश म्हणून बसलेली नाही.

दुसरी गोष्ट अशी की, २०१२ साली तिचा थोरला भाऊ पुण्यात शिकत होता.

हे वर्ष ऐकताच मी चपापलो. आपल्यापैकी अनेकांना ते आठवत असेल. त्या वर्षी जुलै महिन्यात आसामच्या कोक्राझार भागात बोडो आणि मुसलमान यांच्यात भीषण हिंसाचार झाला. लाखो माणसे बेघर झाली. म्यानमारमधील मुसलमानांवरील अत्याचारांच्या बातम्याही तेव्हाच येत होत्या. दुःख खरे होते, संतापही समजण्यासारखा होता. परंतु त्याच दिवसांत मोबाइलवरून अनेक चित्रे फिरली. त्यांतील एका चित्रात प्रेतांच्या राशीजवळ बौद्ध भिक्षू उभे होते. हे भिक्षू मुसलमानांना मारून टाकत आहेत, असे त्याखाली लिहिलेले असे. प्रत्यक्षात ते चित्र २०१० साली चीनमधील युशू येथे झालेल्या भूकंपाचे होते. ते तिबेटी भिक्षू भूकंपात मेलेल्यांवर अंत्यसंस्कार करायला आले होते. मृतांची सेवा करणाऱ्यांना आपण मारेकरी ठरवले आणि क्षणभरही न थांबता ते चित्र पुढे पाठवले. सूरह हुजुरातची ६वी आयत, जी आलेल्या वार्तेची शहानिशा करण्याची आज्ञा देते, ती त्यावेळी आपल्या घरांत नव्हती काय?

ऑगस्टमध्ये पुण्यात ईशान्येकडील तरुणांवर हल्ले झाले. मार खाणाऱ्यांत मणिपूरचे विद्यार्थी होते. मणिपूरचा कोक्राझारशी संबंध काय? काहीच नाही. त्यांचा चेहरा तेवढा मारणाऱ्यांना 'त्यांच्यासारखा' वाटला. पोलिसांनी काही तरुणांना अटक केली. ते आपल्या समाजातील होते, हे लपवून काय साधणार? तो रमजानचा महिना होता. मग ईदनंतर मोठा हल्ला होणार, अशी अफवा पसरली आणि पुणे, बंगळूर येथून हजारो माणसे गुवाहाटीच्या गाड्यांत बसली. शासनाला एकगठ्ठा संदेश पाठवण्यावर काही दिवस बंदी घालावी लागली. बंगळूरच्या स्थानकावर मुस्लिम समाजातील जाणती माणसे जाऊन, "जाऊ नका, आम्ही तुमच्या सोबत आहोत," असे विनवत होती, हीदेखील वस्तुस्थिती आहे आणि तिचा आपल्याला अभिमान वाटावा. परंतु तिचा भाऊ पुण्याहून गेला तो गेला. त्याचे शिक्षण तेथेच सुटले.

हे सर्व ती आवाज न चढवता बोलली. मी मुसलमान आहे, हे तिला ठाऊक होते. मला राहवले नाही. म्हणालो, "बहन, मूठभर मुलांनी केले. त्याचा दोष सगळ्या मुसलमानांना कसा देता येईल?" ती म्हणाली, "नाहीच देता येत. मी देतही नाही. माझ्या भावाचे म्हणणेही नेमके हेच होते."

वाचकहो, या वाक्यावर जरा थांबूया. कोठे स्फोट झाला, कोणी परदेशात गोळ्या झाडल्या की, आपल्या मुलाकडे वर्गात, आपल्या दाढीकडे रेल्वेत, आपल्या आडनावाकडे घरमालकाच्या दारात संशयाने पाहिले जाते. तेव्हा आपण काकुळतीने सांगतो की, ज्याने केले त्याला शिक्षा द्या, पण त्याच्यासारखे नाव आहे म्हणून मला नको. हा युक्तिवाद शंभर टक्के खरा आहे. परंतु तो फक्त आपल्यापुरता खरा असेल, तर तो युक्तिवाद राहत नाही, केवळ सोय उरते. सूरह माइदाच्या ८व्या आयतीतील आदेश असा आहे की, एखाद्या समूहाच्या वैरामुळेही न्यायापासून ढळू नका. ज्यांनी आपले काही बिघडवले आहे, त्यांच्या बाबतीतही जर ही आज्ञा लागू आहे, तर ज्यांनी काहीच बिघडवलेले नाही, त्यांच्याविषयी काय बोलावे!

२०२० सालच्या मार्च-एप्रिलमध्ये तर दोन्ही समाज एकाच तराजूत बसले. महामारीच्या त्या दिवसांत मणिपूर, नागालँडच्या मुलींना रस्त्यात 'कोरोना' म्हणून हिणवले गेले. दिल्लीत आणि मुंबईत अंगावर थुंकल्याच्या तक्रारी पोलिसांत गेल्या. नेमक्या त्याच आठवड्यांत तबलीगी जमातीच्या निमित्ताने आपल्या फळवाल्यांना, भाजीवाल्यांना गल्ल्यांतून हाकलले जात होते. पुढे २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने इंडोनेशिया, घाना, टांझानिया आदी देशांतील तबलीगींवरील गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचे बकरे बनवले गेल्याची शक्यता बोलून दाखवली. म्हणजे ज्या शब्दाने आपली भाकरी हिरावली गेली, तोच शब्द आपल्या पायरीवर आपलाच मुलगा टाळ्या वाजवत उच्चारत होता! त्याने तो कोठून उचलला? घरातून, मोबाइलवरून, आपल्या हसण्यातून.

आणि अफवेने अनोळखी माणसाचे काय होते, हे आपल्या पालघर जिल्ह्याने तर त्याच एप्रिलच्या १६ तारखेला गडचिंचले येथे पाहिले. चोर आल्याच्या अफवेपोटी दोन साधू आणि त्यांचा चालक यांची जमावाने हत्या केली. पुढे त्या घटनेला आपल्या समाजाविरुद्ध रंग देण्याचा प्रयत्न झाला आणि अटक झालेल्यांत एकही मुसलमान नाही, असे खुद्द राज्याच्या गृहमंत्र्यांना सांगावे लागले. आधी एक अफवा निरपराधांचा जीव घेते आणि मग दुसरी अफवा त्या रक्ताचा आळ भलत्याच निरपराधांवर घालते.

आता तिची तिसरी गोष्ट. ती सांगताना मात्र माझ्या कानांना झिणझिण्या आल्या. ती म्हणाली, "काल दुकानात त्या आजी माझ्या आधी आल्या होत्या. तुम्ही मला आधी सामान दिलेत. मला 'मॅडम' म्हणालात, त्यांना 'ए, थांब गं' म्हणालात. माझे सुटे पैसे तुम्ही हातात दिलेत. नंतर बाहेर उभी असताना मी पाहिले, त्यांचे पैसे तुम्ही फळीवर टाकलेत. मुलांचे मी विसरून जाईन. मी दोन महिन्यांनी येथून निघून जाणार आहे. त्या आजी कोठे जाणार?"

मी माफी मागायला गेलो होतो, ती मुलाच्या वतीने. परतताना माझा स्वतःचा हिशेब माझ्या पदरात पडला होता.

कातकरी समाजाविषयी आपल्या घरांत काय बोलले जाते, हे मी येथे लिहीत नाही. आपण ते जाणताच. जे क्वचितच बोलले जाते ते लिहितो. खैराच्या झाडापासून कात काढणारे म्हणून ते कातकरी. जंगल हातातून गेले तशी ती विद्याही गेली. ब्रिटिशांनी १८७१ साली कायदा करून अनेक जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो शिक्का कातकऱ्यांवरही बसला. १९५२ साली तो कायदा रद्द झाला, पण शिक्का लोकांच्या जिभेवर राहिला. आज महाराष्ट्रातील ज्या तीन जमाती शासनाने विशेष दुर्बल मानल्या आहेत, त्यांत माडिया गोंड आणि कोलाम यांच्यासह कातकरी आहेत. दिवाळी सरली की उचल घेऊन ही कुटुंबे भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मुलांची शाळा मध्येच सुटते. आपल्या घरांच्या भिंतींतील किती विटा त्यांच्या हातच्या असतील! जन्मावरून गुन्हेगार ठरवणे म्हणजे काय, हे समजून घ्यायला आपल्याला पुण्यापर्यंत किंवा मणिपूरपर्यंत जाण्याचीही गरज नव्हती. तो अन्याय आमच्या पायरीवर तेलाची बाटली घेऊन बसला होता.

घरी येऊन मी सूरह अबस उघडली. त्या सूरहचा प्रसंग आपण सर्वांनी ऐकला आहे. पैगंबर (स.) कुरैशच्या सरदारांशी बोलत होते. हेतू उदात्त होता. सरदारांनी सत्य स्वीकारले तर अनेकांचे भले होणार होते. इतक्यात दृष्टिहीन असलेले हजरत अब्दुल्लाह इब्न उम्मे मकतूम (रजि.) काही विचारायला आले. त्यांच्याकडे क्षणभर दुर्लक्ष झाले आणि अल्लाहने आपल्या प्रिय प्रेषितालाही त्याविषयी सावध केले. ती सावधगिरी कयामतपर्यंत पठणात राहील. मी ही सूरह अनेकदा वाचली होती. पण तिचा विषय 'आधी कोणाकडे लक्ष द्यायचे' हा आहे, म्हणजे दुकानदाराचा रोजचा विषय आहे, हे मला त्या दिवशी कळले. सूरह मुतफ्फिफीनमध्ये मापात खोट करणाऱ्यांना कठोर ताकीद आहे. मी मापात कधी खोट केली नाही, याचा मला अभिमान होता. पण मानाचेही माप असते. मॅडमला भरलेले माप आणि कातकरी आजीला अर्धे, ही खोट नाही तर काय?

संवाद या शब्दाविषयी आपला एक गैरसमज आहे. आपण समजतो की, संवाद म्हणजे आपली बाजू समोरच्याला नीट समजावून सांगणे. तो संवादाचा अर्धा भाग झाला. स्वतःविषयी जे ऐकावेसे वाटत नाही, ते शांतपणे ऐकून घेणे हा त्याचा दुसरा आणि अवघड भाग. सूरह नहलच्या १२५व्या आयतीत उत्तम रीतीने संभाषण करण्याची आज्ञा आहे. ज्या संभाषणात एकच पक्ष बोलतो, त्याला उत्तम रीत कसे म्हणावे?

जगात याचे एक सुंदर उदाहरण आहे. दुसऱ्या महायुद्धात, फेब्रुवारी १९४२ मध्ये, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी एक आदेश काढला. त्यातून जपानी वंशाची सुमारे १ लाख २० हजार माणसे घरांतून उठवून छावण्यांत डांबली गेली. त्यांतील बहुसंख्य अमेरिकेचेच नागरिक होते. गुन्हा एकच, चेहरा शत्रूसारखा. १९८८ साली त्या देशाने कायदा करून माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २० हजार डॉलर भरपाई दिली. कॅलिफोर्नियातील मंझनार या ओसाड छावणीच्या जागी १९६९ पासून दरवर्षी लोक स्मरणयात्रेला जातात. ११ सप्टेंबर २००१ नंतर तेथील मुसलमानांकडे सारा देश संशयाने पाहू लागला. अवघ्या चार दिवसांनी बलबीरसिंग सोढी या शीख गृहस्थांची दाढी-पगडी पाहून हत्या झाली. त्यावेळी मुसलमानांच्या बाजूने जे प्रथम बोलले, त्यांत या जपानी वंशाच्या लोकांच्या संघटना होत्या. आमच्यावर बेतले ते तुमच्यावर बेतू देणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. पुढे मुसलमानही मंझनारच्या यात्रेत सामील होऊ लागले. सोसलेल्या अपमानाचे दोनच उपयोग असतात : तो पुढच्या दुर्बळावर उतरवणे, किंवा त्याच्या आधारे दुसऱ्याची वेदना ओळखणे. त्या लोकांनी दुसरा मार्ग निवडला.

आपण काय करू शकतो? कायदा आहेच. २०१४ च्या जानेवारीत दिल्लीत अरुणाचलचा विद्यार्थी निडो तानिया याला केसांवरून हिणवून मारहाण झाली आणि त्याचा मृत्यू झाला. त्यानंतर नेमलेल्या बेझबरुआ समितीने कायद्याबरोबरच शिक्षणावर भर दिला. ईशान्येचा इतिहास आणि जीवन देशभरातील मुलांना शिकवले जावे, असे सुचवले. कायदा जिभेला आवर घालतो. मन घडवायचे ते घराने आणि मकतबने.

म्हणून काही साध्या गोष्टी सुचवतो. मकतबमध्ये मुले सूरह हुजुरात पाठ करतात. त्यासोबत एक नकाशा भिंतीवर लावा आणि मणिपूरचे पांगल, लडाखचे लोक, इंडोनेशियाचे हाजी कोण, हे त्यांना दाखवा. पण तेथेच थांबू नका. "ती आपल्यातली नसेल तर?" हा प्रश्न मुलांनाच विचारू द्या आणि उत्तर अर्धवट सोडू नका. घरात कोणत्या समाजाला कोणत्या नावाने पुकारले जाते, ते एक आठवडाभर लक्षपूर्वक ऐका. वाईट टोपणनाव असेल तर ते घरातील मोठ्याने आधी सोडावे. कोणत्याही अत्याचाराचे चित्र आले की ते कोठले, कधीचे, हे कळेपर्यंत पुढे पाठवू नका. आपली मुले शिक्षणासाठी, नोकरीसाठी पुण्या-मुंबईला जातात. खोलीतला सोबती ईशान्येचा असेल, तर त्याला ईदला घरी आणा आणि त्याच्या सणाला त्याच्या घरी जा. आणि रमजानमध्ये इफ्तारला शेजारच्या पाड्यावरील माणसांना बोलवाल, तेव्हा भाषण करू नका. त्यांना बोलू द्या. आपल्या दुकानाविषयी, आपल्या उधारीच्या वहीविषयी, आपल्या बोलण्याविषयी ते काय सांगतात, ते ऐका.

एक आक्षेप मला ठाऊक आहे. "आज आपल्यावरच एवढे संकट असताना हे आत्मपरीक्षण कशाला? आधी जगाने आपल्याशी नीट वागावे." जगाने नीट वागावे, ही मागणी आपण सोडू नयेच. परंतु जगाच्या वागणुकीचा हिशेब परलोकात जगाकडून घेतला जाईल. माझ्या पायरीवरचा हिशेब माझ्याकडून. आणि ज्याने स्वतः तिरस्कार सोसला आहे, त्याला तर 'मला कळले नाही' ही सबबही देता येणार नाही. आरंभी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मला एवढेच सापडले.

पुढच्या बाजारी ती कातकरी आजी पुन्हा आली. तिच्यानंतर दोन प्रतिष्ठित ग्राहक आले. मी म्हणालो, "आजी, या. तुम्ही आधी आलात. काय देऊ?" तिने मागे वळून पाहिले; मी दुसऱ्या कोणाशी तरी बोलतो आहे, असे तिला वाटले. मग हळूच बाटली पुढे केली. मी तेल मापून दिले आणि सुटे पैसे तिच्या तळहातावर ठेवले. तिने मूठ मिटली आणि काही न बोलता निघून गेली. यात मी काही मोठे केले, असे नाही. पंचवीस वर्षांची थकबाकी एका दिवसात फिटत नाही. पण पुतण्या पायरीवरून सारे पाहत होता.

अल्लाह आपल्या जिभांना, आपल्या नजरांना आणि आपल्या तराजूंना न्याय शिकवो; आणि आदमच्या प्रत्येक लेकराचा मान राखण्याची आपल्याला बुद्धी देवो. आमीन.